गोदाचं सातवं वर्ष

गोदा गेली चैत्रात. साल त्र्याऐंशी. मागीलदारी न्हाणीजवळ भांडी घासत होती, तिथंच भिंतीला टेकली. मी पुढं पडवीत सुंभ वळत बसलो होतो. चहा ठेव म्हणून हाक मारली. परत मारली. मग चिडून उठलो, बहिरी झालीस काय म्हणत मागं गेलो, तर सगळं झालेलं.

लोक रडले. माझा मुलगा काशीराम पोफळीला पॉवरहाऊसवर नोकरीला, तो बायकापोरं घेऊन आला, तीही रडली. मी बघत बसलो. माझ्या डोक्यात तेव्हा काय होतं सांगू? अर्धी भांडी राखेत राहिलीत, ती आता कोण विसळणार. दुसरं काय नाय. मला वाटलं, येईल मागनं. पाव्हणे गेले म्हणजे येईल रडू. पाव्हणे गेले, तेरावं झालं. काशीराम बोलला, "बाबा, चला पोफळीला. क्वार्टर आहे, पंखा आहे."

मी बोललो, "पंख्याखाली बसून काय करू, अंडी उबवू?"

तो हसला नाय. गेला बिचारा. आणि मला काय आलं नाय ते नायच. मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो ना, चिमटा काढला तरी शेजाऱ्याचाच पाय वाटतो, तसा मी अख्खा.

एक मात्र झालं. मी मागीलदारी जायचं सोडलं. ठरवून नाय, पाय वळायचेच नाहीत तिकडं. मागच्या दाराला आतनं कडी घातली ती घातली. आंघोळ पुढच्या खळ्यात, उघड्यावर बादली ठेवून. आमच्या शेजारची यमुनाकाकी, सत्तरीची बाई, म्हैस घेऊन वाटेनं जाताना ओरडली, "महिपता, अरे मेल्या, घरामागं न्हाणी बांधलीय ना तुला? अख्ख्या वाडीला काय दर्शन देतंस?"

"डोळे मिटून जा की काकी."

"माझे मिटलेच हायत. म्हैस बुजली माझी."

आता मागीलदारी काय होतं ते सांगतो, नाय तर पुढचं कळायचं नाय.

न्हाणीचं पाणी बाहेर पडतं तिथनं खाली गोदाचा अळवाचा वाफा. भाजीचं अळू, हिरव्या देठाचं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिनं माहेराहून, केळशीहून, चार अळकुड्या आणल्या. अळकुडी म्हणजे अळवाचा कांदा हो, जमिनीत असतो तो. एसटीत कुणाचा पाय पडेल म्हणून केळशी ते रत्नागिरी मांडीवर घेऊन बसलेली. पहिल्या वर्षी एक पान तोडू दिलं नाय. मी बोललो, "अगो, भाजीसाठी लावलंस की पुजायला?" तर म्हणते, "आधी बसू दे त्याला. माहेर सुटलंय त्याचं." दर वर्षी मृगाच्या आधी अख्खा वाफा एकटी खणायची. अळकुड्या सुट्या करायची, चुलीतली राख आणि कुजकं शेण घालून परत पुरायची. कुदळ पण तिची वेगळी, आखूड दांड्याची. आणि मला वाफ्यात पाय टाकायची बंदी.

बंदी का, तर ऋषिपंचमी. गणपती बसले की दुसऱ्या दिवशी आमच्याकडं बायका उपास धरतात. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काय पोटात जायचं नाय. जिथं नांगर फिरला तिथलं बंद. म्हणजे भात गेला, डाळ गेली. माणसानं हातानं खणून लावलेलं तेवढं चालतं. अळू, माठ, पडवळ, भोपळा, काय असेल ते एका टोपात शिजवायचं, तेल नाय, फोडणी नाय. त्यात सगळा जीव अळवाचा. गोदा मला बोलायची, "तुम्ही वाफ्यात येऊच नका. तुम्ही पण बैलच, माझा उपास मोडायचा."

हा उपास तिनं आणि यमुनाकाकीनं एकाच दिवशी धरलेला. वयात पंधरा वर्षांचं अंतर, पण गट्टी अशी की एकीला शिंक आली तर दुसरी नाक पुसायची. सात वर्षं करायचा, सातव्याला सोडायचा. दोघींची सहा झालेली.

तर मृगाला चार दिवस राहिले तेव्हा सदू जोत घेऊन आला. जोत म्हणजे नांगर आणि बैलजोडी. माझे बैल मी आधीच काढून टाकलेले, सदू दोन-चार घरांची नांगरणी करायचा. मागीलदारी वाफ्याला लागून माझा भाताचा लहानसा तुकडा, मधी हातभर बांध. तो तुकडा नांगरून सदू घराला वळसा घालून पुढं आला. मी पडवीत.

"काका, भाताचं झालं. तो अळवाचा वाफा तसाच पडलाय. काकी खणायच्या. आता कोण खणणार?"

मी सुंभ वळत राहिलो.

"बैल जुंपलेलेच हायत. बांध जरासा फोडला तर दोन फेऱ्यांत होईल. काढू काय?"

मी बोललो, "काढ."

बस. एवढंच बोललो मी. गोदाची कुदळ माझ्या बाजूलाच कोपऱ्यात उभी होती, हात लांब केला असता तर लागली असती. पंचमी मला माहीत, उपास माहीत, सगळं माहीत. विसरलो असतो तर एक गोष्ट होती. विसरलो नाय. बसल्या जागेवरनं सदूचं बैलांना ओरडणं ऐकलं, नांगर दगडाला लागल्याचा आवाज ऐकला. मग सदू पाणी प्यायला आला आणि बोलला, "अळकुड्या वर आल्या त्या टाचेनं परत दाबल्या हां काका. काळजी करू नका." मी बोललो, "बरं."

आणि पाऊस लागल्यावर ते अळू असं काय माजलं! गोदाच्या जन्मात आलं नाय असं. मी बघायला गेलो नव्हतो, पण पलीकडच्या घरची सून बकुळा गडग्यावरनं, म्हणजे मधल्या दगडी कुंपणावरनं, ओरडून सांगायची. "काका, गोदाकाकीचं अळू बघितलंत काय? पानाखाली माणूस उभा राहील."

"हां."

"काकींचा जीव त्यात हाय, मी सांगते तुम्हाला."

"हां."

जीव कसला. नांगर खोल गेला, जमीन मोकळी झाली, वरनं दोन बैलांचं शेण. पण बोलायचं कुणाला?

त्या वर्षी आमच्यात गणपती नव्हता, गोदाला वर्ष झालं नव्हतं ना. पंचमीच्या आधी दोन दिवस यमुनाकाकी आली, पडवीत पाय पसरून बसली.

"परवा सकाळी बकुळाला घेऊन येते अळवाला. मागचं दार उघडून ठेव."

"हां."

"माझं सातवं हाय हे. गोदाचं पण."

"ती कुठाय आता?"

"नाय म्हणून काय झालं? सहा केलीन पोरीनं. एकासाठी अडकलीय. माझ्या पानाशेजारी तिचं पान मांडते, तिच्या हातच्या जमिनीतलं अळू वाढते आणि तिच्या नावानं मीच जेवते. सोडवते तिला. नायतर तिथं ऋषींना काय सांगेल? भांडी पण अर्धी टाकून आले आणि उपास पण?"

तेव्हाच सांगायला पायजे होतं. तोंड उघडलं पण होतं मी. उघडलं आणि विचारलं काय, तर "चहा घेतेस काय काकी?"

"तू करणार? नको बाबा. मला सातवं करायचंय, मरायचं नाय."

पंचमीला सकाळी कडी काढली. पाच महिन्यांनी. गंजून बसलेली, दगडानं ठोकली तेव्हा सुटली. बाहेर पाय टाकला नाय, उंबऱ्यातच उभा राहिलो. भांडी कुणीतरी कधीच विसळून नेलेली. बकुळा अळवात शिरलेली, तिचं नुसतं डोकं दिसत होतं. यमुनाकाकी न्हाणीच्या दगडावर बसून पानं हातात घेऊन बघत होती. दोन पाट्या भरल्या. पाऊस थांबलेला, पानांवर पाणी तसंच गोळा होऊन बसलेलं. चांगलं दिसत होतं. चांगलं दिसतंय एवढं मला कळत होतं, जसं दुसऱ्याच्या घरचं लग्न चांगलं दिसतं.

मग काकीनं सहा पानं निवडली, देठासकट, आणि बाजूला पदरावर ठेवली. बकुळाला बोलली, "ही गोदाची. ह्यात दुसरी मिसळू नको."

माझ्या तोंडातनं निघालं, "काकी, तिथं बैल गेलाय."

"काय?"

"जोत फिरलंय त्या वाफ्यात. सदूचं. मृगाच्या आधी. मीच काढ बोललो."

बकुळाच्या हातातली पानं पडली. "अगो बाय! काका, मग आता सांगितलंत कशाला? माहीत नसताना खाल्लं तर दोष लागत नाय. आता झाली ना पंचाईत!"

"तू गप गो," काकी बोलली. माझ्याकडं बघत होती. "कुदळ मोडली व्हती?"

"नाय."

"हात मोडले व्हते?"

"नाय."

"मग?"

"सदूनं विचारलं, मी हो बोललो."

"असं कसं? तुला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं. काकी, आता कसं सांगू तुला. मला काय वाटतच नाय. ती गेली तेव्हा नाय, तेराव्याला नाय, बैल घाल बोललो तेव्हा पण नाय. आता तुझ्यासमोर उभा आहे, लाज वाटायला पायजे मला. ती पण येत नाय."

बकुळा खाली बघायला लागली. काकी मला शिव्या घालील असं वाटलं होतं. तिच्या शिव्या वाडीत नावाजलेल्या. तिनं पदरावरची सहा पानं उचलली, पाटीत टाकली, पदर झटकला.

"बकुळे, ह्या दोन्ही पाट्या घेऊन जा आणि घरातल्या पुरुषांना फदफदं करून घाल. त्यांना चालतो बैल."

"आणि तुमचं काय काकी? सखूच्या परसात हाय थोडं अळू, हातानं लावलेलं. पळत जाऊन आणू?"

"नको. दोघींनी एका दिवशी धरलं, एका दिवशी सोडायचं."

"पण वर्ष मोडलं तर परत पहिल्यापास्नं मोजायचं ना?"

"मोडलं कुठं? सुतकातलं वर्ष मोजत नाहीत."

"सुतक काकांच्या घरात. तुम्हाला कसलं..."

"तुला गप बस बोलले ना मी!"

बकुळाचं बरोबर होतं. यमुनाकाकी आमच्या भावकीतली नव्हती, तिला कसलं सुतक आणि कसलं काय. तो कायदा तिनं तिथंच, दगडावर बसल्या बसल्या केला.

मग मला बोलली, "आता ऐक. दिवाळी झाली की अळकुड्या काढायच्या. धुवायच्या. राखेत ठेवायच्या. ह्या जागी परत नाय लावायच्या, इथली माती बाटली. तिथं लाव." तिनं न्हाणीची भिंत आणि गडगा यांच्यामधली चिंचोळी जागा दाखवली. "तिथं बैल उभा पण राहायचा नाय."

"तिथं खाली कातळ आहे काकी. वीतभर पण माती नाय."

"मग घाल माती."

"म्हणजे पुढच्या पंचमीला?"

"पुढच्या."

"आणि तू? तुझं वय काय, तब्येत काय?"

"मी थांबते," ती बोलली. जसं काय एसटी चुकलीय आणि दुसरी येईपर्यंत थांबायचंय.

त्या दिवशी तिनं नुसत्या काकडीवर दिवस काढला.

दिवाळीनंतर पानं पिवळी पडून आडवी झाली. मी गोदाची कुदळ घेतली. आखूड दांड्याची, मला वाकायला लागलं. अळकुड्या काढल्या, चांगल्या निघाल्या, बावीस ठेवण्यासारख्या होत्या. विहिरीवर धुतल्या, सुकवल्या, राख घालून टोपलीत माळ्यावर ठेवल्या. कुदळ हातात घेतल्यावर काहीतरी होईल असं मनात होतं माझ्या. कमरेत लचक भरली, तेवढंच.

मग माती. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या कडेला गाळाची काळी माती मिळते. रोज सकाळी दोन पाट्या डोक्यावरनं आणायच्या आणि कातळावर ओतायच्या. पुढनं दगडांचा बांध घातला, माती वाहून जाऊ नये म्हणून. सदू एकदा बघत उभा राहिला.

"काका, असं किती दिवस करणार? माझ्या गाडीनं आणून टाकतो, एका खेपेत होईल."

"गाडीला काय जोडणार?"

"बैल."

"मग चालता हो इथनं."

त्याला आधी कळलं नाय. कळलं तेव्हा कपाळावर हात मारून घेतलान. खरं तर त्याचा काय दोष? तो विचारून काम करणारा माणूस.

पौषात यमुनाकाकी गोठ्यात पडली. खुब्यात मोडलं. जीप करून रत्नागिरीला इस्पितळात नेली. आठ दिवसांनी मी एसटीनं बघायला गेलो. एवढीशी झालेली. पायाला वजन बांधून ठेवलेलं, पण तोंड शाबूत.

"माती किती झाली?"

"गुडघ्याच्या खाली."

"आणि तू इथं आलास? मी काय इथं मजा मारायला पडलेय? एक पाटी बुडाली ना आजची!"

"दोन बुडाल्या."

"मग? जा की."

नर्सबाई आली, विचारते, "आजी, हे कोण तुमचे?"

"शेजारी. बिनकामाचा बैल," काकी बोलली.

बाहेर पडलो तर तिचा पुतण्या भेटला. बोलला, डॉक्टर म्हणतात या वयात हाड धरेल न धरेल, छातीत पण कफ झालाय, काय सांगता येत नाय. मी स्टँडवर येऊन उभा राहिलो. ही पण गेली तर गोदाचं सातवं राहिलं ते राहिलंच, कारण गोदाच्या नावानं जेवायला दुसरं कोण होतं? अशी सगळी गोष्ट मी नीट मनात मांडली. आमची गाडी लागली, भरली, माझ्यासमोरनं गेली. मी बघत होतो तिच्याकडं. चढलो नाय. पुढची दोन तासांनी होती.

पण काकी मेली नाय. फाल्गुनात घरी आली. चालणं संपलेलं, बकुळा धरून बसवायची.

चैत्रात गोदाचं वर्षश्राद्ध. काशीराम आला. मागीलदारी गेला आणि परत येऊन विचारतो, "बाबा, त्या कातळावर काय केलंय?"

"अळवाला."

"बाजारात मिळतं की बाबा अळू."

"मिळतं."

त्यानं शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि पाटी उचलली. दोन दिवस राहिला, दोन दिवस माझ्याबरोबर माती वाहिली. जाताना हाताला फोड आलेले. पोफळीला नेण्याचं काय बोलला नाय.

मृगाच्या आधी अळकुड्या लावल्या. राख घातली, शेण घातलं. शेण यमुनाकाकीच्या म्हशीचं. मुद्दाम विचारून घेतलं, मधी सदूच्या बैलाचं काय आलेलं नाय ना म्हणून. बकुळा हसून हसून वाकली. बोलली, "काका, आता शेणाची पण जात बघता काय?" बघितली. एकदा चुकलो होतो.

अळू आलं, पण मागल्या वर्षासारखं नाय. खाली कातळ, मुळं जाणार कुठं? पानं आपली ताटलीएवढी, देठ बोटासारखे. बावीसातल्या पाच कुजल्या. श्रावणात पावसानं आठ दिवस दडी मारली तेव्हा मी घागरीनं पाणी घातलं. मागचं दार आता दिवसभर उघडंच असायचं, कारण आत-बाहेर करायला लागायचं.

पंचमी आली. सदू आणि बकुळा यमुनाकाकीला खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून घेऊन आले. न्हाणीच्या दगडाजवळ ठेवली. काकी लगेच ओरडली, "सदू, तू मागं हो. तुझ्या अंगाला बैलाचा वास येतो."

"आंघोळ केलीय काकी!"

"बैलाला पण घालतंस तू आंघोळ. हो मागं."

मग मला बोलली, "मला वाकवत नाय. तू तोड."

"मी? बकुळा आहे ना."

"खणलं कुणी?"

"मी."

"मग तोडायला दुसरं कोण येणार? हाताचा कष्ट पायजे. हात बाईचा की बाप्याचा, ते ऋषी विचारायला येत नाहीत."

मी बसलो वाफ्याशी. आता तुम्ही म्हणाल अळू तोडणं त्यात काय. विळा मारला की झालं. पण गोदा विळा लावायची नाय आणि काकीला गोदाचीच रीत पायजे होती.

"बाहेरचं पान घे. मधी सुरळी हाय ती ठेव, तिला हात लावू नको. आता देठ मुळाशी धर. खाली, अजून खाली. आता पिरगाळ. ओढू नको रे! पिरगाळ. कान पिरगाळतात तसा."

मी पिरगाळला. देठ मधीच चेपला.

"हळू! चोराचा कान नाय, नातवाचा हाय असं समज."

दुसरा बरोबर निघाला. कट असा बारीक आवाज होतो आणि देठ मुळापास्नं हातात येतो, आतला पांढरा भाग तसाच. प्रत्येक रोपाचं एक, फार तर दोन. सतरा रोपं होती, तेवीस पानं झाली. धोतराला चीक लागला, त्याचे डाग पुढं गेलेच नाहीत.

काकीच्या घरी बकुळानं भाजी केली. काकीच्या परसातला माठ, भोपळा, दोन पडवळ आणि आमचं अळू. बाजूला हातखणीच्या वरीचा भात. काकीच्या खुर्चीपुढं बाकडं ओढून त्यावर केळीची दोन पानं मांडली, एक काकीपुढं, एक तिच्या उजव्या हाताला. मी दाराशी टेकून बसलो. काकीनं आधी आपलं पान संपवलं. सावकाश, एकेक घास. मग खुर्चीवरनंच गोदाचं पान पुढं ओढायला लावलं बकुळाला, नाव घेतलं, आणि खायला लागली.

चार घासांनंतर थांबली.

"काय झालं काकी?" बकुळा बोलली.

"जात नाय गो. आजारपणात पोट पाठीला लागलंय माझं."

"राहू दे मग. नावाला झालं."

"नावाला कसं होईल? पान टाकायचं नसतं. अर्धं पान टाकलं तर सातवं अर्धंच." तिनं पाचवा घास घेतला. तो तोंडातच फिरवत राहिली, डोळे मिटून. माझ्यासारखं बघणारं कुणी असेल त्याला दिसलं असतं, की हा घास उतरला तर आधीचं सगळं परत वर येणार.

बकुळा बोलली, "मी संपवू काय?"

"सकाळी काय खाल्लंस तू?"

"चहा-चपाती."

"मग तू कशी संपवणार? गहू काय हातानं पेरलेला?" काकीनं कसाबसा घास गिळला, पाणी प्यायली, आणि माझ्याकडं मान वळवली. "तू काय खाल्लंस सकाळपास्नं?"

"काय नाय. तुझं अळूच तोडत होतो."

"काल?"

"काल जेवलो. आज कोरा चहा घेतला फक्त."

"मग ये. बस इथं."

"काकी, मी कसा? बायकांचं..."

"नवरा ना तू तिचा? का ते पण सदूला विचारून सांगणार?"

मी उठलो, हात धुतले, गोदाच्या पानावर बसलो. काकीच्या पाच घासांची जागा तेवढी रिकामी होती, बाकी सगळं तसंच. तिखट नाय, तेल नाय, मीठ बेताचं. अळवाचे देठ शिजून मऊ झालेले. गोदा दर वर्षी हेच करायची आणि मला पण वाढायची, आणि मी दर वर्षी नावं ठेवायचो, आजाऱ्याचं जेवण म्हणून. खाल्लं. वरी संपवली. पानाच्या शिरेत भाजी अडकलेली ती बोटानं काढली. पान पुसून घेतलं. बकुळा आणि काकी दोघी माझ्या हाताकडं बघत होत्या, शाळेतल्या मास्तरांसारख्या.

पान मोकळं झालं तशी काकी खुर्चीत मागं टेकली.

"झालं," ती बोलली. "सात. माझी पण आणि तिची पण. सुटली पोर."

बाहेर सदू उभा होता, त्याला आत यायची परवानगी नव्हती, तो दारातनं वाकून बघत होता. मी पानासमोर तसाच बसलो. उठावंसं वाटेना.

"काय रे?" काकी बोलली. "काय होतंय?"

मी जरा थांबून बघितलं, खरंच काय होतंय ते. दीड वर्ष मी वेळ झाली म्हणून जेवत होतो, ताट पुढं आलं म्हणून.

"काकी," मी बोललो, "भूक लागलीय."

"आता जेवलास ना?"

"हो. तरी लागलीय."

काकीनं माझ्याकडं बघितलं. मग बकुळाला बोलली, "टोपात काय हाय?"

"भाजी हाय थोडी तळाला. वरी संपली. काकांना भात आणू आमच्याकडनं? ताजा हाय."

"भात नको. आज त्याला पण बैल बंद. काकडी चीर, आणि आहे ती भाजी सगळी वाढ."

बकुळानं टोप तिरका करून खरवडून वाढलं. मी जेवलो.